मानेची शस्त्रक्रिया: मणके जोडायचे की कृत्रिम डिस्क बसवायची?

मानेतली नस दबल्यामुळे हातात कळा येतात, बोटांना मुंग्या येतात आणि काही महिन्यांनी डॉक्टर शस्त्रक्रियेचं नाव काढतात. आतापर्यंत या शस्त्रक्रियेचा एकच नेहमीचा मार्ग लोकांना ऐकून माहीत होता. खराब झालेली गादी काढायची आणि वरचा-खालचा मणका एकमेकांना जोडून टाकायचा. यालाच फ्युजन म्हणतात. आता दुसरा पर्यायही विचारला जातो. गादीच्या जागी हलणारी कृत्रिम डिस्क बसवायची, म्हणजे त्या जागची हालचाल शिल्लक राहते. या दोन पर्यायांबद्दल सोशल मीडियावर बरंच काही फिरत असतं. एका व्हिडिओत फ्युजन केलं की मान कायमची लॉक होते असं सांगतात, तर दुसऱ्यात कृत्रिम डिस्क म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे असं. खरी माहिती या दोन्हींच्या मध्ये आहे. ती समजून घेऊया.

थोडक्यात

- दोन्ही शस्त्रक्रियांमध्ये आराम मिळतो तो दबलेली नस मोकळी केल्यामुळे. डिस्क किंवा फ्युजन हा त्यानंतर रिकाम्या झालेल्या जागेचा प्रश्न आहे.
- ज्या जागी हालचाल अजून चांगली शिल्लक आहे, तिथेच हालचाल राखणाऱ्या डिस्कचा उपयोग होतो.
- सांधे झिजलेले, हाडं ठिसूळ झालेली किंवा मणके अस्थिर असतील तर फ्युजन अधिक सुरक्षित ठरतं.
- मज्जारज्जूवर दाब असेल तर कोणतं इम्प्लांट घ्यायचं या चर्चेत वेळ घालवणं धोक्याचं आहे.

मानेची रचना कशी असते?

मानेत ७ मणके असतात. डॉक्टर त्यांना वरून खाली सी-१ ते सी-७ असे क्रमांक देतात. कवटीच्या खालचे पहिले दोन मणके इतरांपेक्षा वेगळे आहेत. त्यांच्यामध्ये गादी नसते. मान डावीकडे-उजवीकडे वळवण्याच्या क्रियेतला जवळपास अर्धा वाटा एकट्या या जोडीचा असतो. सी-२ पासून खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर अशी तिची बांधणी असते. या गादीमुळे मान वाकते आणि धक्केही शोषले जातात.

गादीच्या मागे, मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. प्रत्येक मणक्याच्या पातळीवर त्यातून दोन्ही बाजूंना नसा फुटतात आणि खांदा, दंड, मनगट, बोटं इथपर्यंत पोहोचतात. मणक्यांच्या मागच्या बाजूला दोन लहान सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. गादी पुढे आणि हे दोन सांधे मागे, अशा तीन टेकूंवर प्रत्येक पातळी हलते. कृत्रिम डिस्क कोणाला चालेल हे ठरवताना हे मागचे सांधे फार महत्त्वाचे ठरतात.

नस दबते म्हणजे नेमकं काय होतं?

वय वाढलं की गादीतलं पाणी कमी होतं आणि तिची उंची घटते. बोलीभाषेत आपण 'मणक्यात गॅप आला' म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन मणक्यांमधलं अंतर वाढलेलं नसून कमी झालेलं असतं. कधी गादीचा गर कडं फोडून मागे येतो, कधी मणक्याच्या कडेला हाडाचे काटे वाढतात. दोन्हींमुळे नसेची वाट अरुंद होते.

सी-५ व सी-६ यांच्यामधली आणि सी-६ व सी-७ यांच्यामधली गादी सर्वांत जास्त त्रास देते. पहिल्या जागी नस दबली की दुखणं साधारणपणे अंगठ्यापर्यंत उतरतं. दुसऱ्या जागी दबली की मधल्या बोटात मुंग्या येतात आणि हात कोपरात सरळ करून ढकलण्याची ताकद कमी होते. त्याच्याही खालच्या पातळीवर त्रास असेल तर करंगळी बधिर होते. कोणतं बोट बधिर आहे हे डॉक्टर आवर्जून विचारतात ते यासाठीच.

इथे दोन वेगळे आजार ओळखायला हवेत. पहिल्यात फक्त हाताकडे जाणारी नस दबते. त्रास खूप होतो, पण बहुसंख्य रुग्णांना औषधं, विश्रांती आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आराम पडतो. दुसऱ्यात थेट मज्जारज्जू दबतो. यात दुखणं कमी असू शकतं, पण हातापायांचं काम बिघडतं. शर्टाची बटणं लागत नाहीत, अक्षर बदलतं, चालताना तोल जातो, पायातली चप्पल नकळत निसटते, लघवीवरचा ताबा कमी होतो. या दुसऱ्या आजारात झालेलं नुकसान पुरतं भरून येईलच असं नसतं. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

फ्युजन कसं करतात?

मानेच्या पुढच्या बाजूने, गळ्यावरच्या सुरकुतीत छोटा छेद घेतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारून सर्जन मणक्यापर्यंत पोहोचतात. स्नायू कापावे लागत नाहीत म्हणून ही वाट सोयीची आहे. मायक्रोस्कोपखाली संपूर्ण गादी आणि मागचे हाडाचे काटे काढून नस मोकळी करतात. मग रिकाम्या जागेत हाडाचा तुकडा किंवा हाडाचा चुरा भरलेला छोटा पिंजरा बसवतात. बहुतेकदा वर टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू लावतात. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही मणके एकमेकांत जुळून एक होतात.

ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात रुजली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी ती १९५५ मध्ये मांडली आणि १९५८ मध्ये तिचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी हवाईमधल्या राल्फ क्लोवर्ड यांनीही आपली पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे या शस्त्रक्रियेला साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे. हाताची कळ कमी करण्यात ती चांगलीच यशस्वी आहे. इतर प्रत्येक पद्धतीची तुलना आजही तिच्याशीच केली जाते.

मग फ्युजनमध्ये अडचण काय?

पहिली अडचण हाड न जुळण्याची. मधुमेह, ठिसूळ हाडं आणि तंबाखू यांमुळे तिचा धोका वाढतो. बिडी-सिगारेट असो, तंबाखू असो की मिश्री, निकोटिन हाड जुळण्याच्या आड येतं. एकाऐवजी दोन-तीन पातळ्या जोडल्या तर हाड न जुळण्याची शक्यताही वाढते.

दुसरी अडचण शेजारच्या गाद्यांची. एक पातळी हलायची थांबली की तिचा भार वरच्या-खालच्या पातळीवर जातो. अमेरिकेतील हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दरवर्षी सरासरी २.९ टक्के रुग्णांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू झालेला दिसला. दहा वर्षांत साधारण चारपैकी एकाला असा त्रास होईल, असा त्यांचा अंदाज होता. हालचाल राखणाऱ्या इम्प्लांटच्या कल्पनेला या आकड्याने मोठं बळ दिलं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. एकापेक्षा जास्त पातळ्या जोडलेल्या रुग्णांमध्ये शेजारचा त्रास उलट कमी आढळला होता. शेजारची गादी फक्त फ्युजनमुळेच बिघडते, असं असतं तर निकाल उलटा यायला हवा होता. म्हणजे त्या माणसाच्या मानेची मुळातली झीज हेही एक मोठं कारण असतं. डिस्क बसवली तरी ही झीज थांबत नाही.

कृत्रिम डिस्क कुठून आली?

स्वीडनचे सर्जन उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात गादीच्या जागी स्टीलचा गोळा ठेवून पाहिला. गोळा हाडात रुतत असे, त्यामुळे तो प्रयोग मागे पडला. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातील फ्रेंचे रुग्णालयात ब्रायन कमिन्स यांनी १९८९ च्या सुमारास मानेसाठी वाटी-गोळ्याचा स्टीलचा सांधा तयार केला. १९९८ मध्ये त्यांनी २० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या सांध्यात सुधारणा होत होत 'प्रेस्टीज' नावाची डिस्क बनली. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २००७ मध्ये तिला परवानगी दिली. मानेसाठी परवानगी मिळालेली ती तिथली पहिली डिस्क. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'प्रोडिस्क-सी', २००९ मध्ये 'ब्रायन' आणि २०१३ मध्ये 'मोबी-सी' यांना परवानगी मिळाली. शेजारशेजारच्या दोन पातळ्यांवर वापरण्याची मुभा सर्वप्रथम मोबी-सीला मिळाली.

या डिस्कची बांधणी साधारण अशी असते. वर आणि खाली धातूच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये सरकणारा किंवा वाकणारा भाग. धातू म्हणून टायटॅनियमचा मिश्रधातू किंवा कोबाल्ट-क्रोम वापरतात, मधला भाग बहुधा पॉलिथिलीनचा असतो. चकत्यांच्या बाहेरच्या बाजूला दाते किंवा खरखरीत थर असतो आणि हाड त्यात रुजून चकती पक्की बसते. हाडाशी घट्ट चिकटायचं आणि मधे मात्र हलत राहायचं, अशी दोन कामं तिला एकाच वेळी करावी लागतात.

पुणेकरांना सांधा बदलणं ही कल्पना गुडघ्यामुळे ओळखीची आहे. संचेती रुग्णालयाचे संस्थापक डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या बसण्या-उठण्याच्या सवयी लक्षात घेऊन 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. मानेची डिस्कही सांधाबदलच आहे. मात्र एक मोठा फरक आहे. गुडघ्यात सांध्याचे झिजलेले पृष्ठभाग बदलतात. मानेत फक्त पुढची गादी बदलते आणि मागचे दोन फॅसेट सांधे जुनेच राहतात. ते झिजलेले असतील तर पुढे नवी डिस्क बसवूनही मागचं दुखणं कायम राहू शकतं. हालचाल चालू राहिल्याने ते वाढूही शकतं.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत परवानगीसाठी झालेल्या चाचण्यांमध्ये रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. एका गटाचं फ्युजन केलं, दुसऱ्याला डिस्क बसवली. प्रोडिस्क-सीच्या चाचणीत २०९ रुग्ण होते. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण डिस्कच्या गटात २.९ टक्के आणि फ्युजनच्या गटात ११.३ टक्के होतं. दोन पातळ्यांवरच्या मोबी-सीच्या चाचणीत ३३० रुग्ण होते. चार वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण अनुक्रमे ४ आणि १५.२ टक्के होतं. दोन पातळ्यांचा त्रास असलेल्या योग्य रुग्णासाठी डिस्कची बाजू जास्त भक्कम मानतात ती अशा आकड्यांमुळे.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट, या चाचण्या बहुतांशी डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशातून झाल्या. आपल्याला काय बसवलं आहे हे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आणि डॉक्टरांनाही माहीत होतं. फ्युजन झालेल्या रुग्णाला पुन्हा त्रास झाला तर 'हाड जुळलं नाही' म्हणून दुसरी शस्त्रक्रिया सुचवणं सोपं असतं. डिस्कच्या बाबतीत तसं सहज होत नाही.

दुसरी गोष्ट, चाचणीत घेतलेले रुग्ण निवडलेले होते. ठिसूळ हाडं, झिजलेले फॅसेट सांधे, अस्थिर मणके असलेल्यांना आधीच वगळलं होतं. तिथले चांगले निकाल अशा मानांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तिसरी गोष्ट, नेदरलँड्समध्ये एक वेगळा अभ्यास झाला. त्यात तीन गट होते: नुसती गादी काढलेले, फ्युजन केलेले आणि डिस्क बसवलेले. २०१९ मध्ये त्याचे निकाल आले. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांतल्या रुग्णांच्या दुखण्यात आणि कामकाजात लक्षणीय फरक दिसला नाही. नस मोकळी होणं हेच आराम पडण्याचं मुख्य कारण आहे, हे यातून स्पष्ट होतं.

डिस्कच्या स्वतःच्याही अडचणी आहेत. काही रुग्णांमध्ये तिच्याभोवती नको तिथे हाड वाढतं आणि काही वर्षांनी ती पातळी आपोआप जुळून जाते. त्यांना सहसा नवा त्रास होत नाही, पण ज्या हालचालीसाठी जास्त पैसे मोजले ती राहत नाही. क्वचित डिस्क जागची सरकते. घर्षणातून सुटलेल्या कणांमुळे भोवतालचं हाड झिजल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. म्हणून डिस्क बसवल्यावर त्रास नसला तरी काही वर्षं ठरावीक अंतराने एक्स-रे काढून घ्यावा लागतो.

डिस्क कोणाला चालते, कोणाला नाही?

सर्वसाधारणपणे कृत्रिम डिस्कचा विचार अशा रुग्णात होतो:

- एका किंवा शेजारच्या दोन पातळ्यांवर गादी सरकून नस किंवा मज्जारज्जू दबलेला आहे.
- पुरेसे उपचार घेऊनही आराम नाही किंवा हाताची ताकद कमी होत चालली आहे.
- मान पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ती पातळी अजून हलताना दिसते.
- मागचे सांधे आणि हाडांची ताकद चांगली आहे.

पुढील परिस्थितीत बहुतेक सर्जन डिस्क टाळतात:

- गादीची उंची खूप कमी होऊन ती पातळी आधीच हलायची थांबली आहे.
- फॅसेट सांधे बरेच झिजले आहेत.
- हाडं ठिसूळ आहेत.
- मणके एकमेकांवर सरकतात किंवा मानेचा बाक उलटा झाला आहे.
- मज्जारज्जूच्या पुढचा अस्थिबंध कडक होऊन त्याचं हाड झालं आहे. हा आजार आशियातल्या लोकांमध्ये पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. एमआरआयवर तो निसटू शकतो, सीटी स्कॅनवर नीट दिसतो.
- मणक्यात जंतुसंसर्ग आहे किंवा डिस्कमधल्या धातूची ॲलर्जी आहे.

तरुण रुग्ण, एकच मऊ गादी सरकलेली आणि बाकी मान निरोगी, अशा वेळी डिस्कचा फायदा सर्वांत जास्त असतो. सत्तरीतल्या रुग्णाच्या मानेत चार ठिकाणी काटे वाढले असतील आणि मान आधीच कडक झाली असेल, तर तिथे राखायला हालचालच उरलेली नसते.

मुंबईतून आलेला वेगळा विचार

हालचाल राखणं नेहमी चांगलंच, असं सगळे सर्जन मानत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभागाचे प्रमुख राहिलेले डॉ. अतुल गोयल यांचं नाव जगभर माहीत आहे ते मणके स्थिर करण्याच्या तंत्रासाठी. सी-१ आणि सी-२ हे मणके पट्टी व स्क्रूने पक्के करण्याची त्यांची आणि डॉ. लाहेरी यांची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी तिचं एक रूप मांडलं. आज ती गोयल-हार्म्स पद्धत म्हणून ओळखली जाते.

डॉ. गोयल यांनी मानेच्या झिजेबद्दलही वेगळा सिद्धान्त मांडला आहे. त्यांच्या मते झीज आणि काटे हे मूळ दुखणं नसून मागच्या सांध्यांमधल्या अस्थिरतेचा परिणाम आहेत. शरीर स्वतःच त्या जागेला आधार देऊ पाहतं. तसं असेल तर उपाय मणके स्थिर करण्याचा हवा, काही रुग्णांत तर काटे काढण्याचीही गरज नाही, असं ते म्हणतात. हे मत सर्वमान्य नाही. बहुतेक सर्जन दाब मोकळा करण्यालाच महत्त्व देतात. पण यातला एक प्रश्न डिस्कचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. त्रास दाबामुळे आहे की मणके नको तितके हलण्यामुळे? दुसरं उत्तर असेल तर हालचाल राखणारं इम्प्लांट चुकीचं ठरेल.

हालचाल राखण्याचे इतर मार्ग

हालचाल राखायची म्हणजे महागडं इम्प्लांटच हवं, असं नाही. गादीचा तुकडा नसेच्या वाटेवर एका बाजूला आला असेल तर मानेच्या मागून छोटं भोक करून नसेची वाट रुंद करता येते. यात गादीही राहते आणि इम्प्लांटही लागत नाही. अनेक पातळ्यांवर मज्जारज्जू दबला असेल तर मणक्याची मागची कमान दारासारखी उघडून जागा वाढवतात. ही लॅमिनोप्लास्टी जपानी सर्जनांनी १९७० च्या दशकात विकसित केली. मानेचा बाक चांगला असेल तर ती उपयोगी पडते. आपल्या बाबतीत यांपैकी काही शक्य आहे का, हा प्रश्न सर्जनला जरूर विचारावा.

कासार आंबोलीच्या रुग्णासाठी याचा अर्थ

मुळशी तालुक्यातलं कासार आंबोली पुणे-पौड रस्त्यावर आहे. पिरंगुट परिसरातले कारखाने, भाताची खाचरं आणि रोज दुचाकीवरून पुण्याला ये-जा करणारे लोक, असं इथलं जीवन आहे. भातलावणीत तासन् तास वाकावं लागतं. कारखान्यात मालाच्या गाडीवर बसून सतत मागे वळून पाहावं लागतं. मान दुखली की गावात आधी मलम, मग मानेचा पट्टा आणि कधी मान मोडून घेणं असे उपाय होतात. नस किंवा मज्जारज्जू दबला असताना मान झटक्याने मोडून घेणं घातक ठरू शकतं, ते टाळावं.

पहिली तपासणी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे करता येते. एमआरआय आणि शस्त्रक्रियेसाठी पुण्याला जावं लागतं. ससून सर्वोपचार रुग्णालय हा तिथला सरकारी पर्याय आहे. हातापायांची ताकद झपाट्याने कमी होत असेल, लघवी अडकत असेल किंवा अपघातानंतर मान दुखत असेल तर वाट न पाहता १०८ वर फोन करावा.

खर्चाचा प्रश्न वेगळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली. आता तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. उपचार मात्र ठरलेल्या यादीप्रमाणेच होतात. म्हणून दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेचं नेमकं नाव सांगून ती यादीत आहे का, इम्प्लांट त्यात धरलं आहे का, हे विचारून घ्यावं. खासगी विमा असेल तर इम्प्लांटच्या रकमेची मर्यादा लेखी मागावी.

कृत्रिम डिस्क पिंजरा-पट्टीपेक्षा साधारणपणे महाग असते. हृदयाचे स्टेंट आणि कृत्रिम गुडघे यांच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आणि त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. इम्प्लांटच्या पाकिटावर कमाल किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. तो स्टिकर शस्त्रक्रियेच्या कागदांना लावून घ्यावा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे एमआरआय करताना किंवा इम्प्लांटमध्ये दोष निघाल्यास हाच कागद कामी येतो. उपकरणांमुळे झालेला त्रास नोंदवण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमही सुरू आहे.

कर्ज काढून डिस्क घ्यावी का? फ्युजनने तोच आराम मिळणार असेल आणि जमीन गहाण ठेवावी लागत असेल, तर फ्युजन निवडणं म्हणजे दुय्यम उपचार घेणं नाही. उलट रुग्ण तिशी-चाळिशीतला असेल, दोन पातळ्यांचा त्रास असेल आणि बाकी मान निरोगी असेल तर जास्त खर्चामागे खरं कारण असू शकतं.

शस्त्रक्रियेनंतर काय?

दोन्हींमध्ये पुढची वाट तीच असल्यामुळे पहिले काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. बहुतेकांचं हे हळूहळू सुधारतं. गळ्याला अचानक सूज येऊन श्वास अडायला लागला तर ती तातडीची वेळ समजावी. फ्युजनमध्ये हाड जुळेपर्यंत जड उचलणं टाळावं लागतं, कधी पट्टा लावावा लागतो. डिस्कमध्ये हाड जुळण्याची वाट पाहायची नसते, म्हणून मान लवकर हलवायला सांगतात. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. काही गोळ्या हाडाच्या वाढीवर परिणाम करतात, त्यामुळे कोणती गोळी कधी चालेल हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरतं.

नेहमीचे गैरसमज

*'फ्युजननंतर मान वळत नाही.'* एका पातळीच्या फ्युजननंतर बहुतेकांना रोजच्या कामात फारसा फरक जाणवत नाही, कारण मान वळवण्याचं मोठं काम सी-१ आणि सी-२ करतात. तीन-चार पातळ्या जोडल्या तर कडकपणा नक्की जाणवतो.

*'डिस्क बसवली की पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही.'* शक्यता कमी होते, संपत नाही.

*'मानदुखी आहे, डिस्क बदलून टाकू.'* नुसती मान दुखते, हातात कळ नाही, ताकद गेलेली नाही आणि एमआरआयमध्ये नस दबलेली नाही, अशा वेळी सहसा कोणतीही शस्त्रक्रिया उपयोगी पडत नाही. चाळिशीनंतर काहीच त्रास नसलेल्या अनेक लोकांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते.

सर्जनला विचारायचे प्रश्न

1. माझी फक्त नस दबली आहे की मज्जारज्जू? किती दिवस थांबता येईल?
2. ती पातळी अजून हलते का? मान वाकवून एक्स-रे काढला आहे का?
3. मागचे सांधे कसे आहेत? सीटी स्कॅनची गरज आहे का?
4. माझ्या बाबतीत डिस्क का, किंवा का नाही?
5. इम्प्लांटशिवाय मागून करण्याची शस्त्रक्रिया शक्य आहे का?
6. तुम्ही दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रिया नियमित करता का?
7. डिस्क बसवली नाही तर माझ्या आरामात नेमका काय फरक पडेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एमआरआय समोर ठेवून, बोट दाखवून मिळालं पाहिजे. तसं मिळत नसेल तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं. फक्त नस दबली असेल आणि ताकद टिकून असेल तर त्यासाठी सहसा पुरेसा वेळ असतो. बटणं लागत नसतील, चप्पल निसटत असेल तर मात्र दुसरं मतही त्याच आठवड्यात घ्यावं. तिथे इम्प्लांट कोणतं यापेक्षा दाब किती लवकर निघतो यावर पुढचं चालणं-फिरणं अवलंबून असतं.